न आलेल्या पाहुण्याची भाकरी

खोली महिन्यानं भाड्यानं देणं आणि खोली रात्रीवर देणं हे दोन वेगळे धंदे आहेत. मी दोन्ही केले. महिन्याच्या धंद्यात माणूस बघून खोली देता येते. त्याचा कंपनीचा बिल्ला बघायचा, सोबत किती पोरं राहणार ते विचारायचं, इसार घ्यायचा आणि किल्ली द्यायची. रात्रीच्या धंद्यात माणूस दारात उभा राहतो तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यानं पैसे भरलेले असतात, ते पैसे कुठंतरी जाऊन बसलेले असतात, आणि तुमच्या हातात फक्त त्याचं नाव आणि तोंडाचा एक बारका फोटो असतो. मधे अ‍ॅप असतं. हे मधलं काय आहे, कुठं बसतं, कुणाचं ऐकतं, ते समजून घेण्यात माझी या धंद्यातली वर्षं गेली. अजून पुरतं समजलेलं नाही. जेवढं समजलं तेवढं लिहिते.

मी चौथी शिकले. वडिलांची मेंढरं होती, सासऱ्यांचीही होती. वर्षातले आठ महिने आमची माणसं लोकांच्या रानात मुक्काम करायची. आता आमच्या वस्तीवर ऊस आहे, पाइपलाइन आहे, आणि थोडी मेंढरं आहेत, तीही माझ्या हट्टापायी. माझं माहेर शिरूरकडचं. रांजणगावला कंपन्या आल्या तेव्हा माझ्या भावानं रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यावर खोल्यांची रांग काढली आणि पहिल्याच महिन्यात त्या भरल्या. मी बघून आले. माझे मालक वारल्यावर आमच्या वस्तीवर, कुरकुंभच्या कंपन्यांपासून गाडीनं थोड्याच अंतरावर, मी चार खोल्या बांधल्या. जाऊबाई म्हणाल्या, बाईमाणसानं परक्या पुरुषांना खोल्या देऊ नयेत. मी म्हटलं, मेंढरामागं हिंडताना आपण सगळे परकेच होतो की.

रात्रीवर खोली द्यायची कल्पना सुनेची, मनीषाची. कुरकुंभला औषधांच्या आणि रसायनांच्या कंपन्या आहेत. वर्षातून एकदोनदा त्या मशिनं बंद करून दुरुस्ती काढतात. त्याला शटडाऊन म्हणतात. तेव्हा कुठून कुठून कारागीर येतात, चारपाच दिवस राहतात आणि जातात. दौंडपर्यंत लॉज भरतात. या लोकांना फार काही लागत नाही. गरम पाणी, आत संडास, कडी नीट लागणारं दार, आणि रात्रपाळीहून आल्यावर दिवसा झोपू देणारी मालकीण. मनीषानं खोल्यांचे फोटो काढून अ‍ॅपवर टाकले आणि आमचं सुरू झालं.

खोली टाकताना मालकाला एक गोष्ट ठरवावी लागते. पाहुण्यानं येणं रद्द केलं तर पैसे किती परत द्यायचे. सैल, मधलं आणि कडक असे तीन प्रकार होते. मनीषानं विचारलं, "आत्या, कंचं टाकू?" मी म्हटलं, कडक. बैलबाजारात इसार दिला आणि बैल न्यायला आलाच नाही, तर इसार गेला. तेवढ्या वेळात मालकानं दुसरं गिऱ्हाईक माघारी लावलेलं असतं. उलट मालकानंच इसार घेऊन बैल तिसऱ्याला विकला, तर त्यानं इसार परत करायचा आणि वर चार माणसांत बोलणी खायची. एवढं समजलं म्हणजे झालं असं मला वाटलं. पण बाजारात दोघं असतात. इथं तिसरा आहे, आणि इसार त्याच्या खिशात आहे.

ते पहिल्यांदा समजलं मेंढरांच्या वासामुळं. माझ्या एका भाच्यानं अ‍ॅपवरच्या खोलीच्या माहितीत हौसेनं लिहून ठेवलं होतं की इथं मेंढ्यांच्या सहवासात राहता येईल. पुण्याचं एक जोडपं आलं. दोघांचे कपडे पांढरे. बाईंनी कोकराला मांडीवर घेऊन फोटो काढले. संध्याकाळी वारा फिरला, मेंढरांच्या वाड्यावरचा वास खोलीकडं आला, आणि त्यांनी गाडी काढली. सकाळी उठून बघते तर निम्मे पैसे परत गेलेले. मी अ‍ॅपच्या फोनवर विचारलं, कुणाला विचारून दिले? ते म्हणाले, तक्रार आली, तुमचं काही म्हणणं असेल तर पुराव्यादाखल फोटो पाठवा. वासाचा फोटो कसा काढायचा ते मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. भाच्याचं वाक्य त्याच दिवशी काढून टाकलं.

दुसरी एक बाई हैदराबादहून आली होती, औषधाच्या कंपनीची तपासणी करायला. चांगली बाई. पण सवय जाते कुठं. खोलीत पाऊल टाकताच तिनं कपाटामागून बोट फिरवलं आणि विचारलं की संडास शेवटचा कधी धुतला, त्याची नोंद कुठं आहे. मी म्हटलं, धुतलेला दिसतोय की. ती हसली आणि म्हणाली की त्यांच्या कामात जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात. मला तेव्हा ते खुळेपणाचं वाटलं होतं. तिनं मात्र पाचही तारे दिले. तारे म्हणजे पाहुण्यानं जाताना दिलेले मार्क. ते कमी पडले की अ‍ॅप तुमची खोली खाली ढकलतं आणि ती कुणाला दिसेनाशी होते. शाळा सुटल्यावर मला कुणी मार्क दिले नव्हते, ते साठीनंतर मिळायला लागले.

मग कोरोना आला. पहिल्या साली सगळं बंद झालं तेव्हा आमच्या फोनवर दिवसभर टिंगटिंग चालू होतं. पुढच्या दोन महिन्यांची बुकिंगं एकेक करून रद्द. त्यात शटडाऊनची माणसं होती, भिगवणला पक्षी बघायला जाणारे होते, आणि वरवंडच्या एका लग्नाची पाहुणेमंडळी होती. मी मनात हिशेब धरला की कडक नियम आहे, काहीतरी आपल्याकडं राहील. संध्याकाळी मनीषानं अ‍ॅपचा निरोप वाचून दाखवला. आलेलं संकट कुणाच्या हातातलं नाही, म्हणून सगळ्या पाहुण्यांना सगळे पैसे परत. सैल, मधलं, कडक, सगळं एकच.

शिरूरला सलीममामा म्हणून आहेत, माझ्या भावाचे दोस्त. गॅरेज चालवायचे आणि दोन फ्लॅट अ‍ॅपवर द्यायचे. कर्ज काढून घेतलेले. त्यांचा फोन आला.

"आक्का, दान त्यांनी केलं आन् झोळी आपली फाडली."

पाहुण्यांचे पैसे परत जायला नकोत असं मला वाटत नव्हतं. रस्ते बंद, गाड्या बंद, माणूस येणार कुठून. पण मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, निम्मे तुम्ही घ्या, निम्म्याचं पुढं कधीतरी येऊन राहा. विचारलं नाही. सलीममामांना राग आला. मला राग कमी आणि प्रश्न जास्त पडला. हा नियम ठरवायला बसलेला माणूस कसा असेल? त्याच्या घरी खोली भाड्यानं असेल का? तो स्वतः कधी कुणाच्या दारात पिशवी घेऊन उभा राहिला असेल का? मनीषा म्हणाली, "आत्या, तुमाला कशाला पायजेत नसत्या चौकश्या." मला पाहिजे होत्या.

त्या वेळी आमच्या चारपैकी एक खोली भरलेली होती. आत गिरीशभाई होते. गुजरातेत वापीकडचे, साठीला आलेले, काडीसारखे बारीक. बंद व्हायच्या काही दिवस आधी ते कंपनीच्या कामासाठी आले होते. त्यांचं काम मला फार आवडलं. रसायन शिजवायची जी मोठी लोखंडी भांडी असतात, त्यांना आतून काचेचा लेप असतो, नाहीतर तेजाब लोखंड खाऊन टाकतं. त्या काचेचा टवका उडाला की सगळं भांडं बाद. मग गिरीशभाईंसारखा माणूस वरच्या भोकातून आत उतरतो, बॅटरी लावून हातानं चाचपत टवका शोधतो आणि बुजवतो. भोक केवढं, ते त्यांनी दोन हातांनी दाखवलं. आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकणही त्याहून मोठं आहे. मी विचारलं, पोट सुटलं तर? ते म्हणाले, तर मग रिटायर.

त्यांना साखर होती. दोन वेळा गोळी आणि त्यावर वेळेत जेवण. बाजरीची भाकरी त्यांना नवी नव्हती, तिकडं तिला रोटलो म्हणतात. कांदा खायचे, लसूण खायचे नाहीत.

त्यांचं काम संपलं आणि सगळं बंद झालं. रेल्वे नाही, एसटी नाही. आणखी दोन रात्रींचं बुकिंग बाकी होतं, म्हणून ते निवांत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून ते दूध-भाकरी खात होते आणि मनीषा फोन घेऊन आली.

"आत्या, ह्यांचंबी कॅन्सल झालंय. सगळे पैसे माघारी गेलेत. आलेच न्हाईत असं दावतंय."

गिरीशभाईंनी हातातला घास ताटात ठेवला. झालं होतं ते असं. ते ज्या ठेकेदाराकडं कामाला होते त्याच्या ऑफिसात एक कारकून सगळ्या कारागिरांची बुकिंगं करायचा. अ‍ॅपनं सगळे पैसे परत म्हटल्यावर मालकानं सांगितलं असणार, सगळी रद्द कर. त्यानं एका बैठकीत सगळी रद्द केली. पाहुणा पोचला नाही असं प्रत्येक ठिकाणी लिहिलं. कोण कुठल्या खोलीत झोपलाय ते बघणं त्याच्या कामात नसावं. गिरीशभाईंनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, बघतो. मग उचलायचा बंद झाला. ठेकेदाराचं म्हणणं आलं की ऑफिसच्या हिशेबी तुम्ही कुठंच उतरलेले नाही, तुमचं तुम्ही बघा.

मी अ‍ॅपच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. बऱ्याच वेळानं एक पोरगी बोलली, हिंदीत. तिच्या मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे तीही घरी बसूनच काम करत होती. मी सगळं सांगितलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मैम, सिस्टम में तो गेस्ट आए ही नहीं हैं."

"फिर मेरे ओटे पे बैठ के रोटी कौन खा रहा है?"

ती हसली. मग हसल्याबद्दल माफी मागितली. पण पुढं तिलाही सरकता येईना. बुकिंग परत उघडता येत नव्हतं, कारण आमच्या भागातली सगळी बुकिंगं वरून बंद केलेली. बुकिंग ज्यानं केलं त्यानंच चूक कबूल करायला पाहिजे, आणि तो कारकून फोन उचलत नव्हता. मी तिला विचारलं, हा नियम कुणी केला? ती म्हणाली, पॉलिसी टीम आहे. मी विचारलं, ती कुठं असते?

"पता नहीं, मैम. मैंने भी कभी देखा नहीं."

हे उत्तर मला पटलं. त्या दिवसापासून मी त्या पोरीवर रागावले नाही. ती आणि मी एकाच भिंतीपुढं उभ्या होतो, फक्त ती तिकडून पगार घेत होती.

पुढं अ‍ॅपचा आणखी एक निरोप आला. ज्या मालकांची बुकिंगं अशी रद्द झाली त्यांना अ‍ॅप आपल्या पदरचा थोडा वाटा देणार. त्यासाठी पाहुणा आला नव्हता याची खात्री करून एक बटण दाबायचं. बाकीच्या बुकिंगांची आम्ही दाबली, ते पैसे आले, मी ते घेतले. गिरीशभाईंच्या नावापुढंही तसंच बटण होतं. सलीममामा म्हणाले, "दाबून टाक की आक्का. त्यो बोलणार हाय का जाऊन?"

तो बोलणार नव्हता. पण समोर बसलेला माणूस आलाच नाही असं मी लिहून द्यायचं, हे माझ्या डोक्यात बसेना. मनीषाला म्हटलं, राहू दे. त्यात चांगुलपणा नव्हता. आठवड्याचे पैसे मी गिरीशभाईंकडून निम्म्या दरानं घेतच होते. मी धर्मशाळा चालवत नाही. ते खिशातून देत होते, आणि मी त्यांना सांगितलं होतं की ठेकेदाराकडून वसूल करा.

इथवर सगळं खोली आणि पैशाचं होतं. मग गाव आलं.

गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि कमिटी नेमली होती. कमिटीवर आमचे धाकटे दीर, आप्पा. त्यांचा नियम असा होता की बाहेरचा माणूस कुणाचा तरी पाहुणा असेल आणि बंदीच्या आधी आलेला असेल तर त्याच घरात राहील, जबाबदारी घरमालकाची. बाकी सगळे शाळेत. शाळेच्या दोन वर्गांत तेव्हा पुण्या-मुंबईहून पळून आलेली माणसं ठेवली होती. त्यातले काही खोकत होते. जेवण डब्यानं यायचं, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. गिरीशभाईंना तिथं ठेवणं म्हणजे काय ते मला दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्यांची गोळी सकाळी आठला असायची.

आप्पा आले ते चार माणसं घेऊन, तोंडाला उपरणं गुंडाळून. सोबत त्यांचा मुलगा. ओट्याखाली उभे राहिले, वर आले नाहीत.

"वहिनी, ह्यो कोण म्हणायचा?"

मी सांगितलं, कंपनीच्या कामाला आलेला आमचा पाहुणा, बंदीच्या आधीपासून आहे. मुलानं मनीषाला बुकिंग दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. त्यानं मोठ्यानं वाचलं की रद्द, पाहुणा आला नाही.

आप्पा म्हणाले, "त्याच्या ऑफिसानं सोडला. तुमच्या अ‍ॅपनं सोडला. आन् तुमी कशापायी धरून बसलाय?"

"आला तवा तुमीच त्याला रस्ता दावला व्हता की, आप्पा. वडाच्या झाडापाशी."

"दावला आसंल. मी काय सोयरा झालो व्हय त्याचा? उद्या गावात काय झालं तर लोक माजं नाव घ्येतील. त्याला पिशवी भरायला सांगा."

मागचा एकजण म्हणाला की गुजराती माणूस हाय, पैसेवाला आसंल, करंल काय तरी. गिरीशभाई मराठी बोलत नव्हते, पण पिशवी हा शब्द त्यांना समजला. ते आत गेले आणि खरंच पिशवी भरायला लागले. आतून चेन ओढल्याचा आवाज आला. भांडण न करता. मला त्याचाच राग आला. आप्पांचा नाही, गिरीशभाईंचा. माणसानं जरा तरी अडून बसावं.

इथं आमच्या लोकांची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतो, लेंडीखतासाठी. किती रात्री बसवायची आणि त्याबद्दल धान्य किती, ते आधी ठरतं. रात्री संपल्या की मेंढरं उठायची. पण आमचा एक माणूस आधी पुढं जातो, पाणी, चारा बघतो, पुढच्या रानमालकाशी बोलतो आणि परत येतो. तो परत येईपर्यंत वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, कुणी उपटत नाही. ठरलेल्या रात्री संपल्या असल्या तरी. रानमालक कितीही चिडका असला तरी त्या वेळी उठा म्हणत नाही. फार तर तो स्वतःच माणूस सोडून पुढचं रान बघून देतो, म्हणजे लवकर उठतील. आप्पा लहानपणापासून मेंढरामागं होते. पुढं जाऊन बघून येणारा माणूस बहुतेक वेळा तेच असायचे, कारण त्यांचे पाय लांब.

मी खाली उतरले आणि त्यांच्यापुढं उभी राहिले. फार विचार करून बोलले नाही.

"आप्पा, उठवा. माजं काय म्हणणं न्हाई. ह्याचं फुडचं रान कुटं हाय, तेवडं सांगा."

मुलगा म्हणाला, आजी-आबांच्या जमान्यातलं काय काढता काकी, शाळा हाय की. आप्पांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"शाळंत मेंढरं बसिवत्यात व्हय?" मी म्हटलं. "त्यातली निम्मी खोकत्यात. आजारी कळपात तुमी आपली सोडली व्हती कवा?"

आप्पांनी तोंडावरचं उपरणं सोडलं आणि परत गुंडाळलं, आधीपेक्षा घट्ट. मागच्या माणसांपैकी दोघं आमच्यातलेच होते. रीत त्यांनाही ठाऊक होती. पुढचं रान कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पा म्हणाले, "ओट्याच्या खाली उतरायचं न्हाई त्यानं. दूध मी पाटवीन, डेअरीवर कुणी जायाचं न्हाई." जाता जाता मुलाला म्हणाले, "कुरकुंबच्या गेटावर कोण हाय आपला? फोन लाव त्याला."

म्हणजे रीत त्यांनी पुरी पाळली. उठवायचं असेल तर पुढचं रान आपणच बघायचं.

गिरीशभाई पिशवी घेऊन दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं, ठेवा आत. त्यांनी विचारलं, काय बोललात तुम्ही त्यांना? मी माझ्या हिंदीत मेंढरांचं सांगायला लागले आणि निम्म्यात सोडून दिलं. ते म्हणाले, त्यांच्या गावाकडंही मेंढरं घेऊन लोक येतात, पण हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. ते ओट्यावर बसून मेंढरं मोजायचे आणि रोज चुकायचे. मी त्यांना भांड्यांचं विचारायचे. आत उतरल्यावर आवाज कसा येतो? वर कोण उभं राहतं? वरचा माणूस निघून गेला तर? ते म्हणाले, म्हणूनच वर कोण थांबणार ते विचारल्याशिवाय मी आत उतरत नाही. मदतीच्या नंबरावरच्या त्या पोरीचा एकदा आपणहून फोन आला. चौकशी करायला, कामाचा नव्हता. त्यानंतर ती पुन्हा कधी बोलली नाही. नोकरी गेली असंही असेल. त्या साली पुष्कळांची गेली. मी पुढं दोनदा त्या नंबरावर तिच्याबद्दल विचारलं, पण तिथं नावानं कुणी सापडत नाही.

सलीममामांनी एक फ्लॅट विकला, दुसरा महिन्याच्या भाड्यानं दिला. अ‍ॅप काढून टाकलं. म्हणाले, आता भाडेकरू डोक्यावर बसतो पण निदान दिसतो तरी. मी आणि मनीषानं काढलं नाही. बंदी उठली तसे पाहुणे परत आले, नियमही परत आले, सैल, मधलं आणि कडक. मनीषानं विचारल्यावर मी आता मधलं टाकायला सांगितलं. कडक असून उपयोग नाही, वरचा माणूस ते केव्हाही सैल करतो. मग आपणच थोडं सोडलेलं बरं. धंदा आता तीच बघते. मी ओट्यावर असते.

गिरीशभाई गेले ते आप्पांच्या फोनामुळं. वापीहून रसायन घेऊन आलेला एक टँकर रिकामा परत जाणार होता. त्याच्या पासवर ड्रायव्हरशिवाय आणखी एका माणसाची जागा होती. कंपनीच्या गेटावरच्या आमच्या माणसानं कळवलं, आणि आप्पा स्वतः बाभळीच्या फांद्या बाजूला करायला आले. त्यांनी गिरीशभाईंना नमस्कार केला, लांबून. गिरीशभाईंनीही केला.

निघण्याआधी गिरीशभाई ओट्यावर फोन घेऊन बसले होते. माझ्या खोलीला तारे द्यायचे होते त्यांना. बराच वेळ खटपट केली. अ‍ॅप घेईना. जो राहिला त्यालाच तारे देता येतात, आणि अ‍ॅपच्या मते ते कधी आलेच नव्हते. आमच्याकडं रात्रीवर आलेल्यांत सगळ्यात जास्त दिवस राहिलेला माणूस, आणि त्याचं मत कुठंच जाणार नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, अ‍ॅपला सांगायचं ते मला सांगा. काय लिहिणार होता?

"अच्छा ही लिखता, मासी."

"वो तो सब लिखते हैं. सच्चा बोलो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खोलीकडं बघितलं, आणि जरा लाजत म्हणाले, "मच्छर बहुत हैं. पूरी रात काटते हैं."

मी विचारलं, एवढे दिवस बोलला का नाहीत?

"बोलता तो जाता कहाँ?"

टँकरनं हॉर्न दिला. त्यांनी पिशवी उचलली आणि गेले. दौंडला दुकानं उघडली त्या पहिल्या दिवशी मी रिक्षा करून गेले, जाळी आणली आणि चारही खोल्यांच्या खिडक्यांना बसवून घेतली.